अण्णांची पद्मिनी अंगणात गंजतेय, भंगारात देऊ की उभी करू?

पत्र आलंय नाशिकच्या पंचवटीतल्या हिरावाडीतून. बरंच मोठं आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं इथे देतो:

"अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७८ साली नवी कोरी पांढरी प्रीमियर पद्मिनी घेतली. आमची लग्नं, वणीच्या देवीचं दर्शन, आजीला मुंबईला दवाखान्यात नेणं, सगळं त्याच गाडीत झालं. अण्णा २००९ ला गेले आणि तेव्हापासून गाडी अंगणात जांभळाखाली उभी आहे. वर ताडपत्री बांधलीय, चारही टायर बसलेत, दिवाळी आली की म्हणतो यंदा बघू. आता घर रीडेव्हलपमेंटला जायचंय. पुण्याचा भाऊ म्हणतो १५ वर्षांवरची गाडी ठेवणंच बेकायदा आहे, देऊन टाका. भंगारवाला वजनावर न्यायला तयार आहे. आई म्हणते मी आहे तोवर गाडीला हात लावायचा नाही. माझा मुलगा पॉलिटेक्निकला आहे, तो म्हणतो नवी बॅटरी टाकून या रविवारी चालू करून दाखवतो. आणि मुंबईहून एकाचा फोन आलाय, न बघता घेतो म्हणतो, फक्त आरसी बुकचा फोटो पाठवा म्हणतो. मी काय करू?"

ताई, पहिलं काम म्हणजे मुलाला थांबवा. त्याची हौस चांगली आहे आणि हा सगळा उद्योग पुढे त्यालाच करायचाय, पण बॅटरी लावून स्टार्टर मारायचा नाही, अजिबात नाही. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरलेल्या असतात, वरच्या भागात तेलाचा थेंब उरलेला नसतो, आणि अशात स्टार्टरने जोर लावला की रिंग तुटते नाहीतर भिंतीवर ओरखडे पडतात, म्हणजे जे इंजिन थोड्या धीराने मोकळं झालं असतं ते पाच सेकंदात बोअरिंगला (सिलिंडर आतून पुन्हा कापून घ्यायला) जातं. शिवाय टाकीत जे काही उरलं असेल त्याला आता पेट्रोल म्हणायचं नाही, त्याचा चिकट राळेसारखा थर झालेला असतो, तो आणि टाकीतला गंज मिळून सरळ कार्बोरेटरमध्ये जाणार. आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असेल तर बॅटरी जोडल्याबरोबर शॉर्ट होऊन धूर निघायचा, वर जांभळाचा वाळका पाला, बाजूला घर. नको.

दुसरं काम आजच करा, ती ताडपत्री काढा. तुम्हाला वाटतंय तिने गाडी वाचवली, पण खरं तर सगळ्यात जास्त नुकसान तिनेच केलंय. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, आणि ताडपत्रीखाली दोन्ही कोंडून राहतात. जमिनीतली ओल वर येते, दुपारी आत तापतं, रात्री गार पडतं आणि पत्र्याला घाम सुटतो. आपल्याकडे थंडीत रात्रीचा पारा एक आकड्यावर येतो आणि दिवसा चांगलं कडक ऊन असतं, म्हणजे हा घाम महिनोन् महिने रोज. त्यात अंगणातली काळी माती पाणी धरून ठेवणारी, टायर बसलेले, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरच राहिलेलं. आणि जांभळाचा पाला, फळं, त्याचं कुजलेलं सगळं काचेच्या खालच्या खोबणीत आणि दाराच्या आत जाऊन बसतं. दाराच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती बुजली की दार आतून पाण्याने भरतं आणि बाहेरून रंग छान दिसत असताना खालून पत्रा सडतो.

तर ताडपत्री काढा, पाला झाडा, भोकं तारेने मोकळी करा, आतले गालिचे आणि फूटमॅट बाहेर काढून उन्हात टाका (ते परत आत घालू नका, फ्लोअर कोरडा राहू दे), काचा दोन बोटं खाली करून हवा खेळू द्या. हात घालण्याआधी काठीने आपटून बघा मात्र, अशा गाडीत साप असतो, गांधीलमाशीचं पोळं असतं. मग पावसाच्या आत वर पत्र्याचं किंवा सिमेंट शीटचं साधं छप्पर, चारही बाजू उघड्या, आणि चाकांखाली फरशीचे तुकडे. एवढ्यावर गंज पूर्ण थांबणार नाही पण वेग एकदम कमी होईल, आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळेल. गाडी ठेवायची की द्यायची हे ठरायच्या आधीसुद्धा एवढं केलंच पाहिजे, कारण उद्या विकायची म्हटली तरी किंमत त्या पत्र्याचीच आहे.

आता ठरवायचं कसं. लोक इंजिन बघतात, "चालू होईल का हो?" हा पहिला प्रश्न. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन अगदी साधं, ते उघडता येतं, बांधता येतं, सुटे भाग अजून मिळतात, कारण मुंबईत ही गाडी इतकी वर्षं टॅक्सी म्हणून धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, म्हणजे परवा परवापर्यंत या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आजही कुर्ल्याच्या सीएसटी रोडला बरंच काही सापडतं. सापडत नाही तो चांगला बॉडीचा पत्रा. आणि इथेच मुद्दा आहे. जीपला खाली वेगळी चेसिस असते, जाड लोखंडी, तिच्यावर बॉडी नुसती बसवलेली, त्यामुळे निफाड-दिंडोरीकडे शेतात वर्षानुवर्षं पडलेली जीपसुद्धा पुन्हा उभी राहते. पद्मिनीला तशी वेगळी चेसिस नाही. मुळात ती फियाट ११००, आणि त्या मॉडेलची बॉडी १९५३ पासूनच अखंड, म्हणजे पत्र्याचा जो डबा तुम्हाला दिसतो तोच गाडीचा सांगाडा. फ्लोअर गेला म्हणजे आतली शोभा गेली असं नाही, गाडीचं हाड गेलं.

म्हणून एक चांगला जुना डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारा, घरी बोलवा, मेकॅनिक नंतर. द्वारका, वडाळा नाका, सारडा सर्कल या पट्ट्यात जुन्या गॅरेजांत चौकशी करा, साठीच्या पुढचा कोणी भेटला तर त्याला हात जोडून आणा, ज्याने त्या काळात फियाटवर हात चालवलाय त्याला नुसतं ठोकून कळतं. त्याच्याबरोबर तुम्ही स्वतः वाका आणि बघा. दारांच्या खालून पुढून मागे जाणारी पोकळ पट्टी असते, तिला बोथट स्क्रूड्रायव्हरने दाबायचं, टणक लागली तर ठीक, आत गेला तर पट्टी संपली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. डिक्कीत स्टेपनीखालचा खड्डा. बॅटरीच्या ट्रेखालचा भाग, तिथे ॲसिडने खाल्लेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि पुढचं सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय त्या जागा. मुलाला एक लोहचुंबक घेऊन बाहेरून फिरवायला सांगा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, कधीतरी कोणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे. गाडी उचलताना नुसता जॅक लावून खाली कोणी शिरायचं नाही, सडलेल्या पत्र्यातून जॅक आरपार जातो आणि गाडी अंगावर बसते, खाली जाड लाकडी ओंडके हवेतच.

बाहेरचे मडगार्ड, दारं, बॉनेट गंजलेले असले तरी घाबरू नका, ते बदलतात, जोडतात. पण सस्पेन्शनच्या जागा आणि दोन्ही बाजूच्या खालच्या पट्ट्या हे सगळंच सडून गेलं असेल तर मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, ती गाडी रस्त्यावर आणायचा हट्ट सोडा. होतं सगळं, पैसा ओतला की होतं, पण मग पत्रा नवा, फ्लोअर नवा, वायरिंग नवं, सीट नव्या, आणि अण्णांच्या गाडीतलं काय उरलं ते शोधावं लागेल.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, गाडी न बघता कोणी दिला तर विश्वास ठेवू नका. पूर्ण काम लाखांच्या घरात जातं एवढं धरून चाला, आणि बहुतेक वेळा पत्र्याचं काम इंजिनापेक्षा महाग पडतं. गॅरेजवाल्याकडून एकरकमी आकडा घेऊ नका, पत्रा वेगळा, रंग वेगळा, ब्रेक वेगळे, इंजिन वेगळं असा लिहून घ्या, आणि पैसे काम होईल तसे. रंग मारायच्या आधी सगळा पत्रा उघडा करून दाखवायचा ही अट घाला. गंज तारेच्या ब्रशने, ग्राइंडरने काढून, सडलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करून, मग गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात, मग पुढचं. भोकावर जाळी आणि लांबी लावून वर चकाचक रंग मारणारे खूप आहेत, ते काम दोन पावसाळे टिकतं आणि आतून गाडी आणखी सडते. आणि हो, गाडी गॅरेजला टाकून विसरू नका. घरी उभ्या राहून मेलेल्या गाड्यांपेक्षा गॅरेजमागे अर्धवट उघडून मेलेल्या गाड्या मला जास्त दिसतात, पैसे संपतात, मिस्त्री गाव सोडतो, सुटे भाग गोणीत जातात आणि मग कोणालाच काही जुळवता येत नाही. पैसे हातात असतील तेवढंच काम उघडायचं.

डेंटरने हिरवा कंदील दिला तर मग इंजिन. क्रम लक्षात ठेवा, आधी ब्रेक मग इंजिन, कारण चालू झालेली पण न थांबणारी गाडी अंगणातून सरळ फाटकावर जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांचे व्हील सिलिंडर आतून गंजून धरलेले असणार, रबरी होज पाईप तर बदलायचेच. इंजिनाचे चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता, आठवडाभर तसंच मुरू द्या, अधूनमधून पुन्हा ओता. मग प्लग काढलेलेच ठेवून, पुढच्या चाकांना दगड लावून, एक मागचं चाक उचलून, गाडी टॉप गिअरला टाकून ते चाक हाताने हळूहळू फिरवून बघायचं, इंजिन हललं तर तुमचा मुलगा त्या दिवशी जेवणार नाही इतका खुश होईल. नाही हललं तर जोर नाही करायचा, हेड (इंजिनाचा वरचा भाग) काढायचं. टाकी उतरवून धुवायची, पेट्रोलची लाइन नवी, रेडिएटर उघडून साफ. कसारा घाटात फियाट तापवून बाजूला उभी करून पाणी ओतलेलं तुम्हालाही आठवत असेल, तेव्हा रेडिएटर नवा असताना ही गत होती. आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला फुगवतं, म्हणून पाईप, डायाफ्राम, सील आताच्या पेट्रोलला चालणारे बसवून घ्या आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका.

आता भावाचं. १५ वर्षांचं जे म्हणतायत ते तीन वेगळ्या गोष्टींची मिसळ झालीय. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांचं १५ वर्षांनंतर रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही, त्या मोडीत काढायच्या, म्हणून ऑफिसांच्या आवारातल्या ॲम्बॅसिडर आणि जीपा हळूहळू जातायत. दिल्ली परिसराचे नियम वेगळे. आणि आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, पण फिटनेस पास झाली की दर ५ वर्षांनी पुढे वाढवता येतं. घराच्या अंगणात जुनी गाडी उभी आहे म्हणून कोणी तुम्हाला गुन्हेगार ठरवत नाही, फक्त ती बाहेर रस्त्यावर लावू नका, एकदा सिंहस्थाची कामं आणि रस्ते मोकळे करायचं सुरू झालं की बेवारस म्हणून नोटीस चिकटवून उचलून नेतील आणि मग सोडवत बसाल.

कागदपत्रं मात्र गाडीइतकीच गंजलेली असतात, ती आधी बघा. अण्णा गेल्यावर गाडी आईच्या किंवा कोणाच्या नावावर झालीच नसणार असं मी धरून चालतो. पेठ रोडला आरटीओत जाऊन वारसाने नावावर करायचा फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती (म्हणजे भावाची सहीसुद्धा, तेव्हा त्याच्याशी गोड राहा), जुनं आरसी बुक. आरसी हरवलं असेल तर पोलिसात तक्रार देऊन फॉर्म २६ वर डुप्लिकेट. तुमचा नंबर १९८९ च्या आधीचा, म्हणजे एमएच १५ यायच्याही आधीचा, अशा गाड्यांची नोंद बऱ्याचदा कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते, तिथे बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, त्याला चार फेऱ्या पडतील, चिडू नका. रजिस्ट्रेशन रिन्यू करायचा फॉर्म २५. फी २०२२ नंतर खूप वाढलीय आणि २० वर्षांवरच्या कारला २०२५ पासून १०,००० रुपये आहे, वर उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबाने आणि पर्यावरण कर, म्हणून गॅरेजला एक रुपया द्यायच्या आधी आरटीओत एकूण आकडा लिहून मागा. कागद होणार नसतील तर रस्त्यावर आणायचा खर्च करून उपयोग काय?

व्हिंटेजचंही सांगतो, कारण कोणीतरी तुमच्या कानावर घालणारच. २०२१ साली केंद्राने नियम काढला, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षं चालते, नंबरात व्हीए येतं, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची २०२८ ला पन्नास पूर्ण करेल. पण चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांच्यात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं एवढंच. आईला रामकुंडावर घेऊन जायचं असेल किंवा संध्याकाळी गंगापूर रोडने चक्कर मारायची असेल तर साधं रिन्यूअलच बरं.

रस्त्यावर आणायची नाही, पण ठेवायची आहे, हाही एक चांगला मार्ग आहे आणि लोकांना तो सुचतच नाही. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ साली फियाट घेतली, १२,००० ची, पैसे कमी पडले म्हणून पंजाब नॅशनल बँकेचं ५,००० चं कर्ज काढलं, ते गेल्यावर त्यांच्या पत्नी ललितादेवींनी ते फेडलं. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे, कोणी चालवत नाही, आणि कोणाला तिची कीवही येत नाही, कारण ती छपराखाली आहे, पुसलेली आहे, नीट ठेवलेली आहे. तुमच्या नव्या बिल्डिंगमध्ये एक पार्किंग कायमचं पद्मिनीसाठी अडकवायचं का, हा मात्र खरा प्रश्न आहे, बिल्डरशी करार व्हायच्या आधीच भावाशी बोलून ठरवा, नंतर सोसायटी ऐकत नाही. आणि मधली दोन-तीन वर्षं बांधकाम चालू असताना गाडी कुठे राहणार? कोणा नातेवाइकाच्या शेतावरचं शेड असेल तर बघा, पण वरून झाकलेलं, खालून कोरडं.

आईंकडे येतो. पत्रात तुम्ही चिडून लिहिलंय की "आई ऐकतच नाही", पण ताई, त्या माउलीला आजवर विचारलंय ते फक्त "देऊन टाकूया का" एवढंच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली ती प्रीमियर कंपनी, कुर्ल्याला कारखाना, त्या काळात पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची आणि मग एक दिवस पत्र यायचं की गाडी तयार आहे. आईंनी ती सगळी वाट अण्णांबरोबर बघितलीय, त्या पैशासाठी काय काय मागे टाकलं ते त्यांनाच माहीत. ताडपत्रीखाली काय झालंय ते मात्र त्यांनी बघितलेलं नाही. ताडपत्री काढाल तेव्हा त्यांना खुर्ची टाकून समोर बसवा. गाडी धुवून घ्या, दार उघडा, फ्लोअर मजबूत असेल तर आत त्यांच्या जागेवर बसू द्या, स्टिअरिंगवरचा तो गिअर, ती सलग पुढची सीट. मग त्यांनाच विचारा, आई, हिचं काय व्हावं असं तुला वाटतं? कदाचित त्या म्हणतील एकदा चालू झालेली बघायचीय. कदाचित स्वतःच म्हणतील, किती हाल झालेत गं, देऊन टाक चांगल्या माणसाला. मला वाटतं बहुतेक आया दुसरं म्हणतात, पण तुमच्या आईंचं मी कसं सांगू. एक गोष्ट मात्र करू नका, त्यांना पुण्याला पाठवून मागे गाडी उचलून देऊ नका. भाऊ हे सुचवेल. त्याला नाही म्हणा.

द्यायची ठरली तर त्यात अण्णांचा अपमान नाही. गाडी चालवणारा, तिच्यावर हात फिरवणारा माणूस शोधणं हे तिला तुमच्या दारात विरघळू देण्यापेक्षा खूप मोठं काम आहे. मुंबईच्या गाड्या समुद्राच्या खाऱ्या हवेने खाल्लेल्या असतात, नाशिकची कोरड्या हवेतली गाडी, तीसुद्धा एकाच मालकाची, हिला किंमत मिळते. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब आहे, तिथल्या लोकांमार्फत विचारलं तर खरे हौशी भेटतात. त्यांना गंजाचे फोटो लपवू नका, उलट तेच आधी पाठवा, ते बघूनही जो येईल तोच गिऱ्हाईक. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि नाव बदललंय याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा, नाहीतर तो कुठे ठोकेल आणि समन्स हिरावाडीला येईल.

आणि डेंटरने हात वर केले, गाडी कशालाच उरली नाही असं निघालं, तरी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) देतात, त्यावर नवीन गाडी घेताना रजिस्ट्रेशन फी माफ होते आणि टॅक्सात सवलत मिळते. गाडी मोडीत गेल्याचं आरटीओला १४ दिवसांत कळवून रजिस्ट्रेशन रद्द करून घ्यायचं असतं. त्याआधी चांगले सुटे भाग काढून हौशी लोकांना द्या, चांगली काच, एखादं दार, दिव्याची रिंग, बंपर, मीटर, यातल्या प्रत्येकासाठी कुठेतरी कोणाची तरी पद्मिनी अडून बसलीय. आईंना स्टिअरिंग ठेवायचं असेल तर ठेवू द्या.

राहिला तो मुंबईचा फोन. न बघता गाडी घेणारा आणि पहिल्याच फोनला आरसी बुकचा फोटो मागणारा माणूस, त्याला बहुधा तुमची गाडी नकोच आहे, कागद आणि चेसिस नंबर हवाय. दुसऱ्याच कुठल्या गाडीवर तो नंबर ठोकला की पुढच्या भानगडी अण्णांच्या नावावर. फोटो पाठवू नका, पाठवला असेल तर तसं लगेच पंचवटी पोलीस स्टेशनला लेखी कळवून पोच घ्या. खरंच घ्यायची असेल तर म्हणावं या, दिवसाउजेडी या, वाका आणि खालून बघा, मग बोलू. आणि डेंटर येऊन गेल्यावर दाराखालच्या पट्ट्यांचे आणि डिक्कीच्या तळाचे फोटो मला पाठवा, उजेडात काढलेले, पुसून नाही, जसं आहे तसं.